मोडका लॅपटॉप आणि घरची दुरुस्ती

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकीं कांहींजणांस थोडें हंसूं येईल. सारें आयुष्य प्राथमिक शाळेंत इतिहास-भूगोल शिकविण्यांत घालविलेल्या, मॅट्रिकच्या पलीकडे न गेलेल्या माणसानें लॅपटॉपच्या दुरुस्तीवर बोलावें, हें वरवर पाहतां शोभणारें नाहीं. परंतु मी येथें यंत्रशास्त्र सांगावयास आलेलों नाहीं. माझ्या हातून एक यंत्र अर्धें सुधारलें व अर्धें बिघडलें. आणि तें असें कां झालें याचा शोध घेतां घेतां मी माझ्या जुन्या विषयाकडे, म्हणजे इतिहासाकडे, येऊन पोंचलों. तो इतिहास आपणांपुढें ठेवावा, एवढाच माझा हेतु आहे.

प्रथम घडलें तें सांगतों. माझी नात महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षास आहे. तिचा लॅपटॉप चार वर्षांचा जुना. गेल्या उन्हाळ्यांत त्यास एक खोड लागली. सुरू केला कीं दहा-बारा मिनिटें नीट चाले, मग तळ तव्यासारखा तापे आणि हातांतलें काम अर्धवट टाकून तो आपोआप बंद पडे. दुकानांत दाखविला. तेथील गृहस्थानें तो न उघडतांच मदरबोर्ड बदलावा लागेल व १४,००० रुपये पडतील असें सांगितलें, आणि त्यापेक्षां नवाच कां घेत नाहीं, असें वर विचारलें. निवृत्त शिक्षकाच्या घरांत हा आंकडा ऐकून कोणी कांहीं बोललें नाहीं. नात तर मुळींच बोलली नाहीं. रात्रीं जेवणें झाल्यावर मी तिला म्हणालों, "आण तो इकडे, मी पाहतों."

हें वाक्य उच्चारण्याचा धीर मला कोठून आला, तें आधीं पाहिलें पाहिजे. माझ्या पिढीच्या लहानपणीं घरांतील बहुतेक वस्तु उघडतां येत. गांवांत नांगराचा फाळ लोहाराकडे गेला, तर शेतकरी भात्याजवळ उकिडवा बसून सारें काम डोळ्यांनीं पाही. कल्हईवाला आपला भाता अंगणांतच मांडी, आणि भोंवतीं आम्ही पोरें कोंडाळें करून उभीं असूं. आमच्या घरीं व्हॉल्व्हचा रेडिओ होता. त्याची मागची पाठ काढली कीं आंत एक कागद चिकटविलेला दिसे. कोणता व्हॉल्व्ह कोणत्या जागीं बसतो, याचा तो नकाशा होता. माझे वडील इंग्रजी जाणत नव्हते. परंतु तो नकाशा पाहून त्यांनीं एकदां निकामी झालेला व्हॉल्व्ह काढला, खिशांत घालून शहरांत नेला, तसाच दुसरा आणला आणि रेडिओ बोलूं लागला. त्या दिवसापासून यंत्र म्हणजे उघडून पाहण्याची वस्तु, असें माझ्या मनानें घेतलें.

आतां नीट विचार केला म्हणजे ध्यानांत येतें कीं, वडिलांच्या त्या यशास तीन गोष्टी कारण झाल्या होत्या. पेटी उघडण्याची वाट मोकळी होती. आंत काय आहे याची माहिती पेटीबरोबरच मिळाली होती. आणि सुटा भाग बाजारांत विकत मिळत होता. वाट, माहिती आणि सुटा भाग, या तीन किल्ल्या ज्याच्या हातीं आहेत त्याला घरची स्वस्त दुरुस्ती साधते. लॅपटॉपचा इतिहास हा या तीन किल्ल्या मालकाच्या हातांतून कशा निसटल्या, याचाच बव्हंशीं इतिहास आहे.

आरंभ मात्र अगदीं निराळा होता. १९७३ सालीं ईव्हान इलिच या विचारवंताचें 'टूल्स फॉर कन्व्हिव्हिअ‍ॅलिटी' हें पुस्तक प्रसिद्ध झालें. हत्यार माणसाच्या ताब्यांत असावें, माणूस हत्याराच्या ताब्यांत असूं नये, असा त्याचा थोडक्यांत आशय. तें पुस्तक कॅलिफोर्नियांतील ली फेलसेनस्टाइन या तरुण अभियंत्याच्या हातीं पडलें. इलिच यांच्याकडून घेतलेली एक गोष्ट फेलसेनस्टाइन आवर्जून सांगत आले आहेत, आणि ती रेडिओचीच आहे. मध्य अमेरिकेंतील खेड्यापाड्यांत रेडिओ गेला आणि दोनच वर्षांत तेथें रेडिओ दुरुस्त करणारीं माणसें दिसूं लागलीं. त्यांस कोणीं शाळेंत घातलें नव्हतें. यंत्र उघडतां येत होतें, न्याहाळतां येत होतें, चुकलें तर पुन्हां करून पाहतां येत होतें. तेवढें पुरेसें झालें. संगणकहि तसाच असावा, ही फेलसेनस्टाइन यांची तळमळ होती.

५ मार्च १९७५ रोजीं कॅलिफोर्नियांत मेन्लो पार्क येथें, एका घराच्या गॅरेजमध्यें, होमब्र्यू कॉम्प्युटर क्लब या मंडळाची पहिली सभा भरली. पुढें फेलसेनस्टाइन हेच त्या सभांचें सूत्रसंचालन करूं लागले. तेथें येणारी मंडळी आपापले नकाशे उघड्यावर मांडीत आणि एकाची अडचण दुसरा सोडवी. याच फेलसेनस्टाइन यांनीं पुढें ऑस्बोर्न-१ या संगणकाची रचना केली. १९८१ च्या एप्रिलमध्यें तो लोकांपुढें आला. वजन सुमारें ११ किलो, पडदा अवघा ५ इंचांचा, किंमत १,७९५ डॉलर. शिवणयंत्राच्या पेटीप्रमाणें मूठ धरून तो उचलून न्यावा लागे. या यंत्राचे जनक अ‍ॅडम ऑस्बोर्न यांचा आपल्या देशाशीं जवळचा संबंध होता. त्यांचें बालपण तामिळनाडूंत तिरुवण्णामलै येथें, रमण महर्षींच्या आश्रमाच्या सान्निध्यांत गेलें, आणि २००३ सालीं त्यांचें देहावसानहि तामिळनाडूंतच, कोडैकनाल येथें झालें.

त्याच १९८१ सालच्या ऑगस्टमध्यें आय. बी. एम. कंपनीनें आपला वैयक्तिक संगणक विक्रीस काढला. त्यासाठीं कंपनीनें जो तांत्रिक ग्रंथ उपलब्ध करून दिला, त्यांत यंत्रांतील विद्युत्-जोडण्यांचे नकाशे होते. इतकेंच नव्हे, तर यंत्र जागें होतांना जो मूळ कार्यक्रम चालतो, त्याची ओळन्‌ओळ छापलेली होती. माझ्या वडिलांच्या रेडिओंतील त्या कागदाचाच हा थोर वंशज म्हणावयास हरकत नाहीं.

परंतु लॅपटॉपची वाट लवकरच वेगळी झाली. मांडीवर घेतां येईल असा संगणक मुलांच्या हातीं द्यावा, अशी कल्पना अ‍ॅलन के यांनीं १९७२ सालींच एका निबंधांत मांडली होती. त्यांनीं तिला डायनाबुक असें नांव दिलें होतें. १९८२ मध्यें ग्रिड कंपास हें यंत्र आलें. शिंपल्याप्रमाणें मिटणारें, वर पडदा व खालीं कळफलक, ही आज आपल्या डोळ्यांस सरावाची झालेली रचना बिल मॉग्रिज यांनीं त्यांत साधली. त्याची किंमत ८,१५० डॉलर होती, आणि अमेरिकेच्या अवकाशयानांतूनहि त्यानें प्रवास केला. यंत्र मिटूं लागलें तसें तें पातळ व्हावें असें सर्वांस वाटूं लागलें. आणि पातळपणाबरोबर दोन संकटें आलीं. एक म्हणजे उष्णता. मोठ्या पेटींत वाऱ्यास जागा असते; येथें बोटभर जाडीच्या पोकळींत एक लहानसा पंखा धापा टाकीत असतो. दुसरें म्हणजे दाटी. जाड तारांच्या जागीं कागदासारख्या पातळ फिती आल्या, आणि भाग एकमेकांवर रचले गेले.

२००८ च्या जानेवारींत स्टीव्ह जॉब्स यांनीं टपालाच्या लिफाफ्यांतून मॅकबुक एअर हा लॅपटॉप बाहेर काढून दाखविला, तेव्हां सभेनें टाळ्यांचा कडकडाट केला. त्याची जाडी सर्वांत जाड जागींहि दोन सेंटिमीटरांपेक्षां कमी होती. मात्र बॅटरी आंत बंदिस्त होती आणि स्मृति, म्हणजे ज्यास आपण रॅम म्हणतों ती, मुख्य फलकावर कायमची डाखलेली होती. २०१२ सालच्या रेटिना पडद्याच्या मॅकबुक प्रोमध्यें तर बॅटरी आवरणास चिकटवून टाकलेली, आणि तळाचें झांकण पांच पाकळ्यांच्या खास स्क्रूंनीं बसविलेलें. साध्या पेचकसानें तें उघडावयाचें नाहीं. पातळ यंत्राची हौस आपल्यालाच होती, म्हणून सारा दोष कारखानदारांच्या माथीं मारणें न्यायाचें होणार नाहीं. परंतु वाट बंद झाली आणि सुटा भाग हा सुटा राहिला नाहीं, हें खरें.

माहितीची किल्ली कशी गेली, याच्या दोन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. कॅलिफोर्नियांतील एका महाविद्यालयांत शिकणाऱ्या काइल वीन्स या विद्यार्थ्याचा आयबुक बंद पडला. दुरुस्तीची पुस्तिका शोधली, ती कोठेंच मिळेना. तेव्हां त्यानें व त्याचा सहाध्यायी ल्यूक सूल्स यानें यंत्र स्वतःच सोडविलें, आणि पुढें लोकांसाठीं अशा पुस्तिका आपणच लिहाव्या असें ठरविलें. त्यांतूनच २००३ सालीं आयफिक्सिट ही संस्था उभी राहिली. दुसरी गोष्ट २०१२ ची. ऑस्ट्रेलियांतील एका तरुणानें निरनिराळ्या लॅपटॉपांच्या दुरुस्ती-पुस्तिका जमवून सर्वांस फुकट पाहावयास ठेविल्या होत्या. तोशिबा कंपनीनें त्यास वकिली पत्र धाडलें कीं, या पुस्तिकांचा स्वामित्वहक्क आमचा आहे. त्या बिचाऱ्यास ३०० हून अधिक पुस्तिका काढून टाकाव्या लागल्या.

आतां, श्रोतेहो, माहिती दडविली म्हणून लोक यंत्र उघडावयाचे थांबतात काय? मुळींच नाहीं. वैद्य नसेल तेथें अंगारेधुपारे चालतात. तसेंच येथें होतें. जुलै २००८ मध्यें एन्व्हिडिया या कंपनीनें जाहीर केलें कीं, लॅपटॉपांत बसणाऱ्या आपल्या कांहीं चित्रचकत्या, म्हणजे पडद्यावर चित्र उमटविणारे भाग, सदोष निघाल्या असून त्यांपायीं १५ ते २० कोटी डॉलर खर्ची घालावे लागतील. देशोदेशींचे लॅपटॉप ऐन उमेदींत आंधळे होऊं लागले. हमीची मुदत संपलेली, दुरुस्तीचा खर्च भारी, आणि बिघाड नेमका कोठें आहे हें सामान्य माणसास कळावयास मार्ग नाहीं. तेव्हां लोकांनीं एक अजब तोडगा काढला. लॅपटॉपचा मुख्य फलक सोडवून काढावयाचा आणि स्वयंपाकघरांतील भट्टींत, जींत केक भाजतात तींत, सुमारें २०० अंश सेल्सिअस उष्णतेवर आठ-दहा मिनिटें भाजावयाचा!

याहून नवल असें कीं, पुष्कळांचे लॅपटॉप त्यानंतर खरोखरच सुरू झाले. चकतीखालचा डाख वितळून तडे सांधले गेले, अशी सर्वांची समजूत झाली. परंतु हिशेब करून पाहा. शिसें-कथलाचा जुना डाख १८३ अंशांवर वितळतो, हें खरें. पण युरोपांत १ जुलै २००६ पासून विद्युत्-उपकरणांतील शिशावर निर्बंध आला आणि एकंदर उद्योगच बिनशिशाच्या डाखाकडे वळला. तो डाख वितळावयास २१७ अंशांच्या आसपास उष्णता लागते. म्हणजे २०० अंशांच्या भट्टींत तो वितळतच नव्हता. खरा दोष चकतीच्या पोटांत, तिला खालच्या पट्टीशीं जोडणाऱ्या अतिसूक्ष्म ठिपक्यांत होता. भट्टीच्या आंचेनें ते ठिपके थोडा काळ पुन्हां टेकत आणि कांहीं आठवड्यांत पुन्हां सुटत. ताप उतरला म्हणून रोग बरा झाला असें मानण्यासारखेंच हें होतें. पुढें २०१० सालीं अमेरिकेंत ग्राहकांनीं लावलेल्या दाव्यांत कंपनीनें तडजोड केली. ज्यांनीं फलक भाजले ते मूर्ख होते, असें मी म्हणणार नाहीं. माहिती दिली असती तर त्यांनीं भट्टी पेटविली नसती.

आतां माझ्या घरीं परत येऊं. त्या रात्रीं मींहि एका अर्थानें भट्टीच पेटविली. मोबाइलवर एक चित्रफीत पाहिली. ती आमच्या लॅपटॉपची नव्हती, त्याच्या चुलत भावंडाची होती. तिच्यांत दिसले तेवढे स्क्रू काढले, तरी झांकण निघेना. मग सुरीच्या पात्यानें कड उचकटली. मागाहून कळलें कीं, दोन स्क्रू रबरी पायांखालीं दडलेले होते. झांकणाबरोबर कळफलक वर आला आणि त्याची चपटी फीत ताणली गेली. ती मीं जोर करून ओढली. कट्‌ असा बारीक आवाज झाला. तो मला ऐकूं आला होता. पण ऐकूं आला नाहीं असें मीं स्वतःस समजाविलें.

आंत पाहतों तों पंख्याच्या तोंडावर धुळीचा नमदा बसलेला. रंगाच्या जुन्या कुंचल्यानें तो काढला, वाळून खडू झालेली थर्मल पेस्ट पुसली, नवी नळी १८० रुपयांस आणून लावली. यंत्र सुरू केलें. दहा मिनिटें गेलीं, वीस गेलीं, तास गेला. तळ कोमट राहिला आणि लॅपटॉप बंद पडला नाहीं! मदरबोर्डास कांहींएक झालेलें नव्हतें. मी विजयानें नातीकडे पाहिलें. तिनें कळफलकावर बोटें ठेविलीं, आणि पडद्यावर एकहि अक्षर उमटलें नाहीं. फीत धरून ठेवणारी नखाएवढी खिटी मीं मोडली होती.

तिनें मला एका शब्दानेंहि दुखविलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं मैत्रिणीकडून एक जुना सुटा कळफलक मागून आणला, लॅपटॉपला जोडला आणि दोन महिने त्यावरच अभ्यास केला. बसमधून जातांना एका पिशवींत लॅपटॉप आणि दुसरींत तो लांबलचक कळफलक, अशी ती जाई. खिडकींतून तें पाहतांना मला १४,००० रुपयांपेक्षां अधिक कांहीं तरी वांचवावयाचें राहून गेलें, असें वाटे.

दिवाळींत माझा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला. तो ही हकीकत ऐकून हंसला, आणि पांच मिनिटांत त्यानें त्या लॅपटॉपची दुरुस्ती-पुस्तिका माझ्यापुढें ठेविली. ती बनविणाऱ्या कंपनीच्याच संकेतस्थळावर, फुकट, पहिल्या दिवसापासून होती! कित्येक कंपन्या अशा पुस्तिका उघड ठेवतात, हें मला ठाऊकच नव्हतें. कोणता स्क्रू किती लांबीचा, कोणते कोठें दडलेले, पंखा काढण्याआधीं काय सोडवावें, सारें क्रमवार चित्रांसह दिलेलें. आणि एका चित्रांत ती काळी खिटी. फीत ओढूं नये; खिटी आधीं नखानें वर उचलावी, म्हणजे फीत आपोआप मोकळी होते, असें खालीं लिहिलें होतें. आयुष्यभर मुलांस 'आधीं धडा वाचा, मग प्रश्न सोडवा' असें सांगणाऱ्या माणसानें तें पान कोणत्या चेहऱ्यानें वाचलें असेल, याची आपण कल्पना करावी.

खिटी बदलणें हें घरीं होण्यासारखें काम नव्हतें. पुण्याच्या तपकीर गल्लींत एका तरुण कारागिराकडे गेलों. त्यानें भिंगाखालीं फलक धरून जुनें खोबण उतरविलें व नवें डाखलें. ६०० रुपये घेतले, आणि मला शेजारीं बसून पाहूं दिलें. लोहाराच्या भात्याजवळ बसणारा शेतकरी मला त्या क्षणीं आठवला. मुंबईचा लॅमिंग्टन रोड काय, दिल्लीचें नेहरू प्लेस काय, अशा गल्ल्यांतील हें शहाणपण बहुतेक कोणत्याहि पुस्तकांत लिहिलेलें नाहीं. हात पाहून हात शिकला आहे.

निसटलेल्या किल्ल्या परत मिळविण्याचा प्रयत्नहि आतां इतिहासाचा भाग होऊं लागला आहे. १ जानेवारी २०२१ पासून फ्रान्सांत लॅपटॉपसह कांहीं वस्तूंवर दुरुस्तीसुलभतेचे गुण छापण्याची सक्ती झाली. पुस्तिका मिळते काय, सुटे भाग मिळतात काय, झांकण सहज उघडतें काय, यांवरून दहापैकीं गुण. शाळामास्तरास ही पद्धत आवडावी यांत नवल नाहीं. त्याच वर्षीं अमेरिकेंत फ्रेमवर्क नांवाचा लॅपटॉप निघाला; त्याचे भाग मालकानें स्वतः बदलावे, याच हेतूनें तो घडविलेला आहे. न्यूयॉर्क राज्यांत दुरुस्तीच्या हक्काच्या कायद्यावर डिसेंबर २०२२ मध्यें सही झाली. आपल्या देशांतहि केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानें जुलै २०२२ मध्यें या प्रश्नावर समिति नेमली, आणि २४ डिसेंबर २०२२ रोजीं, राष्ट्रीय ग्राहकदिनीं, दुरुस्तीच्या माहितीचें एक संकेतस्थळ सुरू केलें.

या साऱ्यावरून कोणीं असा अर्थ घेऊं नये कीं, प्रत्येकानें उद्यां सकाळीं पेचकस घेऊन बसावें. बॅटरी फुगलेली दिसली तर तिला टोंचूं नये, दाबूं नये, घरीं सोडवूंहि नये. ती पेट घेते. धूळ काढणें, पेस्ट बदलणें, जेथें रॅमची पट्टी सुटी आहे तेथें ती काढून पुन्हां बसविणें, हें घरचें काम; डाखाचें काम कारागिराचें. आणि कोणताहि स्क्रू फिरविण्यापूर्वीं पुस्तिका. माझी चूक स्वस्त दुरुस्ती केली ही नव्हती. न वाचतां केली, ही होती. परंतु वाचावयास असतें हेंच जर लोकांस माहीत नसेल, किंवा वाचावयास कांहीं ठेविलेंच नसेल, तर ती चूक एकट्या माणसाची राहत नाहीं.

लॅपटॉप आतां बरा चालतो. परवां नातीनें तळाचें झांकण काढून पंखा स्वतः साफ केला. पुस्तिका शेजारीं उघडी होती, स्क्रू कागदावर क्रमानें मांडले होते. मला फक्त विजेरी धरावयास सांगितली होती. ती मीं हात न हलवितां धरिली.

इतकें सांगून मी आपली रजा घेतों.